अंगणातील तरवड

बंगळूर शहरातील चामराजपेट हा भाग १८९२ साली आखण्यात आला. म्हैसूरचे तत्कालीन महाराज चामराजेंद्र वडेयर यांचे नाव त्यास मिळाले. जुनी पेठ आणि किल्ला यांच्या पश्चिमेस, सरळ रस्ते व त्यांना काटकोनात छेदणारे आडरस्ते अशी ही वस्ती आहे. येथील जुन्या घरांपैकी काही अद्याप उभी आहेत. पुष्कळांच्या जागी मजल्यांच्या इमारती आल्या आहेत. तरीही कुंपणाची भिंत आणि घर यांच्यामध्ये तीन-चार हातांची मातीची पट्टी कित्येक ठिकाणी शिल्लक आहे. या पट्टीत काय लावावे, हा प्रश्न वरवर पाहता हौसेचा आहे. परंतु मार्च २०२४ मध्ये तो कायद्याचाही झाला.

त्याआधीच्या वर्षी, म्हणजे २०२३ साली, कर्नाटकात पावसाने ओढ दिली आणि राज्यातील २३६ तालुक्यांपैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त म्हणून जाहीर करावे लागले. पुढल्या उन्हाळ्यात बंगळुरातील हजारो विंधनविहिरी आटल्या. तेव्हा शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी बागेस घालणे, मोटारी धुणे इत्यादी कामांसाठी वापरण्यास मनाई केली व हा नियम मोडणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठेवला. घरापुढच्या गुलाबाला नळाचे पाणी घालणे हा अपराध ठरावा, ही गोष्ट अनेकांना जाचक वाटली. पण हे पाणी येते कोठून, याचा विचार केला म्हणजे तो जाच समजण्याजोगा होतो. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, एका पठाराच्या माथ्यावर वसलेले आहे. मोठी नदी शहरातून वाहत नाही. १८९६ साली हेसरघट्ट्याच्या तलावातून नळाने पाणी येऊ लागले, १९३३ साली तिप्पगोंडनहळ्ळीच्या जलाशयाची त्यात भर पडली, आणि १९७४ पासून कावेरीचे पाणी येत आहे. कावेरीचे हे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, पंपांच्या साहाय्याने सुमारे ५०० मीटर वर चढवून आणावे लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला व पुरवठा वाढला. चढण मात्र तेवढीच राहिली.

आता थोडा हिशेब करू. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी पसरले की ते एक लिटर भरते. बंगळूरच्या मार्च-एप्रिलमध्ये हिरवळ टवटवीत ठेवावयाची तर तिला दररोज सुमारे पाच मिलिमीटर पाणी द्यावे लागते. म्हणजे वीस चौरस मीटरांच्या एका लहानशा हिरवळीस रोज १०० लिटर, आणि साठ दिवसांच्या उन्हाळ्यात ६,००० लिटर. उन्हाळ्यात बंगळूरच्या गल्लीबोळांतून धावणाऱ्या लहान टँकरात बरोबर एवढेच पाणी मावते. एक टँकर पाणी एका लहान अंगणातील गवताने प्यावे, हे कोणत्याही विचारी गृहस्थास रुचणार नाही. परंतु म्हणून अंगण उघडे बोडके ठेवावे किंवा त्यावर फरशी घालावी, असेही नाही. फरशीने माती झाकली की पावसाचे पाणी जमिनीत मुरणे थांबते आणि घर अधिक तापते. या पेचातून सुटण्याचा मार्ग बंगळूरच्या वेशीबाहेरच, माळरानावर, फुललेला आढळतो. मराठीत त्याला तरवड म्हणतात.

महाराष्ट्रातील वाचकास तरवडाची ओळख करून देण्याची गरज नसावी. निदान ज्याचे बालपण सोलापूर, बीड, अहिल्यानगर अशा अवर्षणप्रवण भागांत गेले असेल त्यास तरी नसावी. गावाबाहेर पडावे, काळी शेती संपून मुरमाड माळ सुरू व्हावा, आणि पुरुषभर उंचीची, पिवळ्या फुलांच्या घोसांनी डवरलेली झुडपे दिसू लागावीत, हा त्या भागातील परिचित देखावा आहे. अनेक गावांत नवरात्रात घटावर तरवडाच्या फुलांची माळ सोडतात. दक्षिणेतही हे झुडूप तितकेच घरचे आहे. कन्नडमध्ये त्यास तंगडी किंवा आवरिके, तेलुगूत तंगेडु, तामिळमध्ये आवारम आणि सिंहलीत रणवरा अशी नावे आहेत. संस्कृत वैद्यकग्रंथांतील नाव आवर्तकी. २०१४ साली तेलंगण राज्य स्थापन झाले तेव्हा राज्याचे फूल म्हणून तंगेडुचीच निवड झाली. तेथील बतुकम्मा उत्सवात फुलांच्या ज्या उतरंडी रचतात त्यांत या फुलांना मानाचे स्थान असते. चामराजपेटेत कन्नड, तामिळ, तेलुगू, उर्दू आणि मराठी या सर्व भाषा कानी पडतात. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते, हे लक्षात घेता मराठी येथे पाहुणी नव्हे. शेजाऱ्याकडे या झुडपाचे बी मागावयाचे तर 'तंगडी' हा शब्द उपयोगी पडेल. मात्र तो मराठी माणसास उच्चारताना किंचित हसू येईल, एवढे सांगून ठेवतो.

शास्त्रीय नावाविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण जुन्या व नव्या पुस्तकांत ते निरनिराळे आढळते. लिनीअसने १७५३ साली या वनस्पतीस कॅशिया ऑरिक्युलेटा असे नाव दिले, आणि भारतातील बहुतेक जुन्या ग्रंथांत तेच आहे. कॅशिया ही त्या काळी फार मोठी प्रजाती होती. बहावा, टाकळा, तरवड या सर्वांचा तीत समावेश होत असे. पुढे फुलांतील पुंकेसरांची ठेवण, देठावरील ग्रंथी इत्यादी लक्षणांवरून तिची फोड करण्यात आली. १९८२ साली अर्विन व बार्नेबी या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञांनी केलेली मांडणी आज मान्य आहे. तीनुसार बहावा कॅशियातच राहिला. टाकळा आणि तरवड सेना या प्रजातीत गेले. म्हणून आजचे नाव सेना ऑरिक्युलेटा. ऑरिक्युलेटा म्हणजे कानाची पाळी असलेली. पानाच्या देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंस कानाच्या आकाराची मोठी, हिरवी उपपर्णे असतात व ती गळून न पडता टिकून राहतात. हे नाव त्यांवरून पडले.

ही कानासारखी उपपर्णे बागकाम करणाऱ्याने नीट पाहून ठेवावीत. रोपवाटिकेत 'पिवळा कॅशिया' म्हणून जे मिळते ते बहुधा तरवड नसते. दक्षिण अमेरिकेतील सेना स्पेक्टॅबिलिस हे झाड शोभेसाठी आपल्याकडे आणले गेले; आज बंडीपूर, नागरहोळे आणि वायनाडच्या जंगलांत ते बेसुमार पसरले असून हत्ती-हरणांच्या चाऱ्याची जागा त्याने बळकावली आहे. त्याचीही फुले पिवळीच. तरवडाची खूण अशी: कानासारखी उपपर्णे, पानात पर्णिकांच्या आठ ते बारा जोड्या, आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये देठावर एकेक बारीक उभी ग्रंथी. तिन्ही खुणा जुळल्या तरच घ्यावे.

तरवड पाण्यावाचून कसा तग धरतो, हे समजल्याखेरीज त्याची लागवड नीट साधत नाही. वनस्पतीच्या पानांवर असंख्य सूक्ष्म रंध्रे असतात. त्यांतून हवेतील कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर जाते. अन्न हवे तर रंध्रे उघडली पाहिजेत, आणि उघडली की पाणी जाणार. वनस्पतीच्या संसारातील ही कायमची ओढाताण आहे. तरवडाचे पान एकसंध नसून लहान लहान पर्णिकांचे बनलेले असते. मोठे रुंद पान उन्हात तापले की ते थंड ठेवण्यासाठी बरेच पाणी वाफेच्या रूपाने खर्ची घालावे लागते. लहान पर्णिकेभोवतालची हवा सहज हलते व उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते. पाणी फारच कमी पडले तर झुडूप काही पाने गाळून आपला खर्च आटोक्यात आणते. परंतु ही सर्व काटकसर झाली. खरी मिळकत जमिनीखाली आहे. तरवडाचे सोटमूळ सरळ खाली जाते. दख्खनच्या पठारावर वरचा मातीचा थर पुष्कळदा हातभरच असतो. त्याखाली मुरूम म्हणजे झिजलेला खडक लागतो. या मुरमाच्या भेगांत पावसाळ्याचे पाणी उन्हाळ्यातही काही अंशी धरून राहिलेले असते. गवताची मुळे तेथवर पोहोचत नाहीत, तरवडाची पोहोचतात.

यातून एक गोष्ट निघते, आणि या लेखात सांगावयाचे ते मुख्यतः हेच आहे. दुष्काळ सोसण्याची शक्ती रोपात जन्मतः तयार नसते. वीतभर उंचीच्या रोपाचे मूळही लहानच असते, आणि त्या वयात तरवड इतर कोणत्याही रोपाइतकाच तहानेने मरतो. 'हे रानटी झुडूप आहे, याला काही करावे लागत नाही' असे म्हणून मे महिन्यात रोप लावून विसरून जाणारे लोक पुढे तक्रार करतात की तरवड बागेत जगत नाही. उलट काही हौशी मंडळी त्यास रोज सकाळी तांब्याभर पाणी घालतात. तेही घातकच. रोज थोडे पाणी मिळाले की वरची बोटभर माती तेवढी ओली राहते, मुळे त्या ओलीतच पसरतात आणि खाली उतरण्याचे त्यांना कारण उरत नाही. असे लाडावलेले झुडूप दोन वर्षांचे झाले तरी आठवडाभर पाणी चुकले की माना टाकते. म्हणून पहिल्या वर्षी पाणी द्यावयाचे ते पुष्कळ, पण क्वचित. दोन पाण्यांच्या मधल्या काळात वरची माती पूर्ण सुकली पाहिजे. ओल खाली सरकत जाते आणि तिच्या मागोमाग मूळ जाते.

आता लागवडीकडे वळू. तरवडाचे रोप रोपवाटिकेत क्वचितच मिळते; बियांपासून करणे हाच खात्रीचा मार्ग. झुडूप पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्यापर्यंत विशेष फुलते, आणि शेंगा हिवाळ्याच्या अखेरीस वाळतात. शेंग चपटी, कागदासारखी पातळ, साधारण बोटभर लांब असते. तीत दहा ते वीस बिया असतात. बंगळूरच्या रहिवाशांस यासाठी फार दूर जावे लागत नाही. तुमकूर किंवा कोलारच्या रस्त्याने शहराबाहेर पडले की खडकाळ माळांच्या कडेस ही झुडपे दिसतात. राखीव जंगलातून बी आणू नये. रस्त्याच्या कडेच्या झुडपावरील चार-सहा शेंगा पुरेशा होतात. बियांत कित्येकदा भुंगेऱ्याने पोखरलेल्या निघतात. त्यांवर बारीक गोल छिद्र असते. त्या निवडून टाकाव्यात.

बीचे आवरण अतिशय कठीण असते व त्यातून पाणी आत शिरत नाही. ही निसर्गाची हुशारी आहे. अवकाळी एक सर आली म्हणून सगळ्या बिया एकदम उगवल्या असत्या, तर पुढच्या कोरड्या पंधरवड्यात सगळ्या वाळून गेल्या असत्या. आवरण ऊन, थंडी, वाळूचे घर्षण यांनी हळूहळू झिजते आणि बिया वेगवेगळ्या वर्षी थोड्या थोड्या उगवतात. बागेत मात्र इतका धीर आपल्यापाशी नसतो. एक उपाय असा की पाणी उकळावे, विस्तवावरून उतरवून दोन-तीन मिनिटे थांबावे, त्यात बिया टाकाव्यात आणि रात्रभर तशाच राहू द्याव्यात. दुसरा अधिक खात्रीचा: बीची एक कड पॉलिश पेपरवर घासावी किंवा नखे कापण्याच्या यंत्राने तिचा किंचित टवका काढावा, आणि मग साध्या पाण्यात भिजत घालावी. ज्या टोकाने बी शेंगेस चिकटलेले होते ते टोक सोडून दुसरी बाजू घासावी, कारण अंकुर पहिल्या टोकाजवळ असतो. सकाळपर्यंत फुगलेल्या बिया पेराव्यात. ज्या फुगल्या नाहीत त्या पुन्हा घासाव्यात. पाव इंचाहून खोल पेरू नये. आठवडा-दोन आठवड्यांत उगवण होते.

पेरणीसाठी पसरट कुंड्या वापरू नयेत. सोटमूळ लवकरच तळाला टेकते, तेथे वळते आणि गुंडाळले जाते. असे मूळ पुढे जमिनीत लावले तरी सरळ होत नाही. उंच पिशव्या, निदान वीतभर खोलीच्या, घ्याव्यात, आणि रोप वीतभर उंच होताच जमिनीत हलवावे. फार दिवस पिशवीत ठेवलेल्या मोठ्या रोपापेक्षा लहान रोप नेहमी पुढे जाते. याहून चांगले म्हणजे जेथे झुडूप हवे तेथेच दोन-तीन बिया टोकाव्यात आणि त्यांतील एक जोमदार रोप राखावे.

लावण्याचा काळ ठरविताना बंगळूरच्या पावसाचा स्वभाव ध्यानात घ्यावा, कारण तो पुण्या-मुंबईच्या पावसाहून निराळा आहे. येथे वर्षाकाठी साधारण ९५० ते १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या सरी सुरू होतात, जून-जुलैत रिमझिम असते, आणि सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. ऑक्टोबरही ओला जातो. डिसेंबरापासून मार्चपर्यंत आकाश जवळपास कोरडे. म्हणून मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत रोप लावले तर त्यास सलग पाच महिने पावसाळी ओल मिळते, आणि कोरडा काळ येईपर्यंत त्याचे मूळ बरेच खाली गेलेले असते. महाराष्ट्राच्या अवर्षणी भागात हा अवधी कमी मिळतो. तेथे पहिला चांगला पाऊस होताच, एक दिवसही न दवडता, लागवड करावी.

जागा पूर्ण उन्हाची हवी. चामराजपेटेसारख्या दाट वस्तीत ही खरी अडचण आहे. दोन इमारतींच्या सांदीत तरवड जगेल, पण काडीसारखा वाढेल आणि फुलणार नाही. रस्त्याच्या बाजूची पट्टी, दक्षिणेकडील किंवा पश्चिमेकडील भिंतीचा पायथा, जेथे दुपारच्या उन्हात गुलाब करपतात, तेथे तो खुलतो. खड्डा दीड फूट लांब, तितकाच रुंद व खोल असावा. बंगळूरची तांबडी माती त्यास मानवते. बांधकामाचा राडारोडा पुरलेला असेल तर विटांचे मोठे तुकडे काढावेत; बारीक खडी राहिली तरी चालते. शेणखत एक-दोन ओंजळींपेक्षा जास्त नको. भरपूर खत दिले तर पाने माजतात आणि फुले मागे पडतात. पाणी साचणारी जागा, विशेषतः मोरीच्या तोंडाशी, वर्ज्य समजावी. तहानेपेक्षा साचलेल्या पाण्याने तरवड लवकर मरतो. दोन झुडपांमध्ये चार ते पाच फूट अंतर ठेवावे. कुंपण करावयाचे असेल तर तीन फूटही चालेल.

पावसाळा संपल्यावर पहिल्या कोरड्या हंगामात दर दहा दिवसांनी एकदा सुमारे दहा लिटर पाणी बुंध्यापासून थोड्या अंतरावर, सावकाश मुरेल असे द्यावे. डिसेंबर ते एप्रिल या पाच महिन्यांत अशी पंधरा पाणी होतात; एकूण १५० लिटर. हिरवळीच्या ६,००० लिटरांशी ही तुलना वाचकाने स्वतःच करावी. हे १५० लिटरही नळाचे असण्याची जरूर नाही. तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी चालते. साबणाचे मात्र नको. बंगळुरात २००९ च्या कायद्याने मोठ्या भूखंडांवर पावसाचे पाणी साठविणे किंवा मुरविणे बंधनकारक झाले आहे. शंभर चौरस मीटरांच्या छपरावर वर्षभरात जवळजवळ एक लाख लिटर पाणी पडते, हे ध्यानात घेतले तर झुडपाच्या या मागणीचे हसू येईल. बुंध्याभोवती वाळलेल्या पानांचा चार बोटे थर दिल्यास ओल अधिक टिकते. थर खोडास टेकू देऊ नये. दुसऱ्या वर्षी महिन्यातून एकदा पाणी पुरे, आणि तिसऱ्या वर्षापासून बंद करावे. बंद करताना मन घट्ट करावे लागते, कारण मार्चमध्ये झुडूप थोडी पाने गाळते आणि ते मरते आहे असा भास होतो. पाऊस येताच नवी पालवी फुटते.

ज्यांच्यापाशी माती मुळीच नाही, केवळ गच्ची आहे, त्यांनी तरवडाच्या नादी लागू नये असे माझे मत आहे. मोठ्या पिंपात, दोन फूट खोल मातीत, तो वाढतो. परंतु पिंपातील मूळ मुरमापर्यंत जाऊ शकत नाही, आणि मग त्यास इतर कुंड्यांप्रमाणेच पाणी पुरवावे लागते. ज्या गुणासाठी त्यास आणावयाचे तोच तेथे लोपतो.

तरवड फुलू लागला, बहुधा दुसऱ्या वर्षी, म्हणजे त्याच्या फुलाजवळ सकाळच्या वेळी थोडा वेळ उभे राहावे. पाच पिवळ्या पाकळ्या, त्यांवर केशरी छटेच्या शिरा, आणि मध्ये दहा पुंकेसर. हे दहाही सारखे नसतात. वरचे तीन वंध्य असतात. उरलेल्यांपैकी मधले आखूड आणि खालचे लांब, आत वळलेले. फुलात मध अजिबात नसतो. मधमाश्या व भुंगे येतात ते परागासाठीच, आणि पराग सहज हाती लागू नये अशी फुलाने व्यवस्था केलेली आहे. सामान्य फुलांत परागकोश उभा चिरतो आणि पिठासारखा पराग उघडा पडतो. तरवडाचा परागकोश मिठाच्या डबीसारखा बंद असून त्याच्या टोकास फक्त बारीक छिद्रे असतात. मोठा काळा सुतार भुंगा फुलावर बसतो, परागकोशांना मिठी मारतो आणि पंख न हलविता छातीचे उड्डाणस्नायू थरथरवितो. त्या वेळी त्याच्या गुणगुणण्याचा सूर एकदम चढतो. कान देऊन ऐकल्यास उडतानाचा आणि फुलावरचा असे दोन सूर स्पष्ट वेगळे कळतात. या कंपनाने पराग छिद्रांतून पिचकारीसारखा बाहेर उडतो. आखूड केसरांचा पराग भुंग्याच्या पोटाखाली पडतो व तो त्यास पोटासाठी गोळा करतो. लांब केसरांचा पराग त्याच्या अंगाच्या अशा भागावर पडतो की जेथे त्याचे पाय सहज पोहोचत नाहीत, आणि तोच दुसऱ्या फुलाच्या किंजलास लागतो. फुलाने मजुरी आणि माल वेगळा ठेवलेला आहे असे म्हणता येईल. शिवाय काही फुलांत किंजल डावीकडे वळलेला असतो, काहींत उजवीकडे. एक दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब वाटावे. डावीकडच्या फुलातून अंगाच्या एका बाजूस लागलेला पराग उजवीकडच्या फुलात योग्य ठिकाणी पोहोचतो. आपली नेहमीची मधमाशी असे कंपन करू शकत नाही. ती भुंग्याच्या हातून सांडलेले तेवढे वेचते. ज्या वस्तीतून सुतार भुंगे नाहीसे झाले तेथे तरवडास फुले येतील, पण शेंगा थोड्याच धरतील. भुंग्यास घर करण्यास वाळकी लाकडे लागतात. अंगणाच्या कोपऱ्यात एखादा जुना वासा किंवा वाळलेला बांबू पडू दिला तर तो त्यात बीळ कोरतो. घराच्या तुळईपेक्षा तो वासा बरा.

पानांच्या देठावरील ज्या ग्रंथींचा उल्लेख वर आला, त्यांतून गोड रस स्रवतो आणि त्यासाठी मुंग्या झुडपावर ये-जा करीत असतात. मुंग्या दिसल्या म्हणून फवारणी करू नये. त्या कीटकांची अंडी व लहान अळ्या उचलून नेतात, तो त्यांचा मोबदला होय. पावसाळ्यात पानांवर हिरव्या अळ्याही आढळतील. त्या बहुधा फिक्या हिरवट-पांढऱ्या किंवा पिवळ्या फुलपाखरांच्या असतात. ही फुलपाखरे टाकळा-तरवडाच्या वर्गातील झुडपांवरच अंडी घालतात. आठ-दहा दिवस पाने कुरतडलेली दिसतात, झुडूप ते सहज भरून काढते. शेंगावर्गातील वनस्पती जमीन सुपीक करतात, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. ती हरभरा-तुरीसारख्या पिकांविषयी खरी आहे, कारण त्यांच्या मुळांवरील गाठींत हवेतील नायट्रोजन स्थिर करणारे जीवाणू राहतात. सेना या प्रजातीत मात्र अशा गाठी सहसा आढळत नाहीत. तरीही म्हैसूर व तामिळ मुलखांत तरवडाचा पाला हिरवळीचे खत म्हणून भातखाचरांत तुडवीत असत, आणि खारवट जमिनीत त्याचा उपयोग होई. छाटणीचा पाला फेकून न देता आळ्यात पसरावा.

तरवडाचे एक जुने आर्थिक महत्त्व होते. ते आज मागे पडले आहे, तरी सांगण्याजोगे आहे. त्याच्या सालीत सुमारे १५ ते २० टक्के टॅनिन असते. हे कषायद्रव्य कातड्यातील प्रथिनांच्या तंतूंशी संयोग पावते व कातडे कुजण्यापासून वाचते. कातड्याचे चामडे होते ते यामुळे. १८०० साली फ्रान्सिस बुकॅनन म्हैसूर प्रांतात फिरला तेव्हा बंगळूरचे चर्मकार तंगडीची साल वापरीत असल्याचे त्याने नोंदविले आहे. पुढे मद्रास इलाख्यात या सालीवर मोठा धंदा उभा राहिला. तेथून विलायतेस जाणारे अर्धे कमावलेले कातडे प्रसिद्ध होते, आणि पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बुटांसाठी त्यास फार मागणी आली. तरवडाने कमावलेले चामडे उन्हात लालसर पडते. तो दोष टाळण्यासाठी शेवटी हिरड्याचा हात देत, आणि हिरडा सह्याद्रीतून जाई. नंतर दक्षिण आफ्रिकेतून वॅटल या ऑस्ट्रेलियन बाभळीची साल स्वस्तात येऊ लागली. तीत टॅनिन अधिक होते, आणि तरवडाची साल मागे पडली. वॅटल निलगिरी पर्वतातही लावण्यात आली. तेथील गवताळ कुरणांवर ती आज अनावर पसरली आहे. एका देशी झुडपाची जागा परदेशी झाडाने घेतल्याचा हिशेब केवळ बाजारभावात मांडला तर अपुरा पडतो.

औषधी उपयोगांविषयी सावधपणे लिहिले पाहिजे. तरवडाची फुले व बिया मधुमेहावर देण्याची परंपरा जुनी आहे, आणि दक्षिणेत वाळलेल्या फुलांचा चहाही पितात. प्राण्यांवरील प्रयोगांत काही अनुकूल निष्कर्ष मिळाले आहेत; परंतु त्यावरून घरच्या घरी काढा करून चालू औषध बंद करणे धोक्याचे आहे. अंगणात झुडूप आले म्हणून अंगणात वैद्य आला असे नव्हे.

शोभेच्या झाडांविषयी आपली अभिरुची कशी घडली, हाही विचार येथे सुचतो. बंगळूरच्या लालबागेचे प्रसिद्ध अधीक्षक गुस्टाव हेर्मान क्रुंबिगेल १८९३ साली बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत आले, आणि १९०८ साली म्हैसूर संस्थानात गेले. एकामागून एक फुलणारी झाडे रस्त्यांवर लावून शहर वर्षभर फुलते ठेवावे, ही कल्पना बंगळुरात त्यांच्या नावाशी निगडित आहे, आणि त्यासाठी देशोदेशींची झाडे येथे आली. त्या कामाचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. मात्र तेव्हाच्या लहान शहरास परवडणारे पाणी आज परवडत नाही, आणि लालबागेचा जो प्रचंड खडक तीनशे कोटी वर्षांचा म्हणून पाहावयास लोक जातात, तशाच खडकांच्या आधाराने वाढणारे हे झुडूप शोभेच्या यादीत मागेच राहून गेले.

तरवडाची छाटणी वर्षातून एकदा, शेंगा वाळल्यावर, साधारण फेब्रुवारीत करावी. फुले नव्या फांद्यांच्या टोकांस येतात, म्हणून जुन्या फांद्यांचा एक तृतीयांश भाग निर्धास्तपणे काढावा. साल काढणारे लोक पूर्वी ते बुंध्याजवळ तोडीत, तरी ते पुन्हा फुटत असे. छाटण्याआधी भरलेल्या शेंगा काढून कागदी पिशवीत, कोरड्या जागी ठेवाव्यात. कठीण आवरणामुळे हे बी काही वर्षे सहज टिकते. पिशवीवर वर्ष लिहावे, आणि शेजाऱ्यास द्यावयाचे असेल तर टवका कोणत्या बाजूने काढावा हेही सांगावे.